कपाचा कान

रविवारी सकाळी चिंचवडहून लोकल धरायची, शिवाजीनगरला उतरायचं आणि ऊन चढायच्या आत मंगळवार पेठेतला जुना बाजार गाठायचा, हा माझा निवृत्तीनंतरचा नेम. बाजार बुधवारीही भरतो, पण मला रविवार सोयीचा. नळाच्या तोट्या, पितळी समया, बंद पडलेली घड्याळं, गाड्यांचे सुटे भाग यांच्यामध्ये एखाद्या ताडपत्रीच्या कोपऱ्यात चिनी मातीची भांडी मांडलेली असतात. कप एका घरचा, बशी दुसऱ्या घरची. मी खाली बसतो आणि कप हातात आला की आधी उपडा करतो.

चिंचवडच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं तपासणी खात्यात काढली. जॉब हातात आला की दिसणारी बाजू सोडून न दिसणारी आधी बघायची, ही तिथली सवय. कपाच्या बुडाला एक कडं असतं. भट्टीत कप या कड्यावर उभा राहतो, म्हणून तिथली झिलई पुसून काढतात. नाहीतर ती वितळून कप फळीला चिकटून बसेल. त्या कोऱ्या कड्यावरून नख फिरवायचं. खरं पोर्सेलिन तिथेही काचेसारखं घट्ट लागतं. कमी भाजलेली माती खरखरते, आणि ओलं बोट टेकवलं तर पाणी पिऊन टाकते.

मग उजेड. कप सूर्याकडे धरून मागे बोटं हलवायची. केओलिन, फेल्डस्पार आणि क्वार्ट्‌झ तेराशे अंशांच्या आसपास भाजली की त्यांची निम्मी काच होते, म्हणून पातळ कपातून बोटांची सावली हलताना दिसते. इंग्रजांच्या बोन चायनात निम्म्याच्या आसपास जनावरांच्या हाडांची राख असते. त्यातून येणारा उजेड मला दुधावरच्या सायीसारखा वाटतो. शेवटी आवाज. कप तळहातावर मोकळा ठेवून नखाने टिचकी मारायची. धड कप खणखणीत वाजतो आणि नाद थोडा वेळ रेंगाळतो. तडा गेलेला असला की बद्द आवाज येतो, मग तो तडा डोळ्यांना दिसो वा न दिसो.

"काका, घ्यायचा तर घ्या, वाजवताय काय?" असं तिथल्या एक मावशी मला पहिल्या वर्षी म्हणाल्या होत्या. आता त्याच माझ्यासाठी कप बाजूला काढून ठेवतात आणि देताना स्वतः वाजवून देतात.

तळाच्या शिक्क्यावरून वय काढता येतं. १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं आणि जपानी कपांवर ‘निप्पॉन’ आलं. १९२१ नंतर त्याचं ‘जपान’ झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्तराष्ट्रांच्या ताब्यात होता, त्या काळात, १९५२ पर्यंत, बाहेर जाणाऱ्या बऱ्याच मालावर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असं असे. असा एक जोड माझ्याकडे आहे. वर निळी फुलं इतक्या निगुतीने रंगवलेली, आणि खाली हा शब्द. तो कप मी पुसायला घेतो तेव्हा हात आपोआप हळू होतो.

दुसरा एक जपानी कप रिकामा असताना साधा पांढरा दिसतो. उजेडाकडे धरला की तळातून एका बाईचा चेहरा उमटतो. अंबाडा, भुवया, मिटलेले ओठ. त्यात रंगाचा ठिपकाही नाही. माती कुठे जाड, कुठे पातळ ठेवून चेहरा घडवलेला आहे. मायक्रोमीटरवर आयुष्य काढलेल्या माणसाला याचं मोल सांगावं लागत नाही.

पण माझ्या कपाटात सगळ्यात जास्त माल आपल्याच देशातला. बंगाल पॉटरीज, ग्वाल्हेर पॉटरीज, हितकारी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे साठच्या दशकात बजाज आणि टेल्को आल्या, आणि गावोगावची माणसं इकडे नोकरीला आली. दोन खोल्यांचा संसार मांडला की बाहेरच्या खोलीत एक शोकेस यायची आणि तिच्यात आहेरात आलेला सोनेरी काठाचा टी-सेट बसायचा. रोजचा चहा स्टीलच्या पेल्यात. जायफळ घातलेली कॉफी करायची वेळ आली, म्हणजे मुलगी बघायला पाहुणे आले किंवा साहेब घरी आले, की तो सेट उतरायचा. आता ती घरं पाडून इमारती होताहेत, मुलं वाकड-रावेतला गेली आणि सेट जुन्या बाजारात आले. कित्येक कपांचा काठ कोरा करकरीत असतो. चाळीस वर्षांत त्याला ओठ लागलेला नसतो.

घरी आणल्यावर घाई करत नाही. पातेल्यात फडकं अंथरून कोमट पाण्यात कप रात्रभर ठेवायचा. चहाचा राप खायच्या सोड्याच्या ओल्या लेपाने निघतो, पण सोनेरी काठाला सोडाही लावायचा नाही आणि चिंच-लिंबू तर मुळीच नाही. सोनं झिलईच्या वर बसवलेलं असतं, घासलं की गेलं. क्लोरीनचं ब्लीच वापरू नये, ते झिलई खातं. आणि ज्यांची वरची नक्षी झिजली आहे अशा कपांतून मी चहा पीत नाही. जुन्या रंगांत शिसं असायचं.

आता कानाबद्दल. कपाची कडी आपण कान म्हणतो, आणि तो कपाबरोबर घडत नाही. तो वेगळ्या साच्यात करून, कप ओला असतानाच पातळ मातीने चिकटवतात. म्हणून धक्का लागला की आधी कान जातो. बाकी कप ठणठणीत राहतो. संग्राहक असा कप हातात धरत नाहीत, मीही धरत नसे.

चार वर्षांपूर्वी मावळात एका ओळखीच्यांचं जुनं घर उतरवत होते. बरण्या बघायला म्हणून गेलो होतो. बाहेरच्या भिंतीतल्या देवळीत एक पांढरा कप उपडा घातलेला दिसला. कान नाही, बशी नाही. मी उचलला तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "तो ठेवा हो. तो घरातला न्हाई, बाहेरचा हाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या वस्तूची जागा सांगावी तसं सांगितलं. कामाला येणाऱ्या दलित गड्याला चहा वरून ओतायचा तो त्या कपात. त्याने तो पिऊन, धुऊन पुन्हा तिथेच उपडा घालायचा.

१८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे, टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याची कारवाई झाली, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. शाळेत आम्ही ती गोष्ट मजा म्हणून ऐकली. चार वर्षांपूर्वी त्या देवळीपाशी उभा असताना मला तिची दुसरी बाजू दिसली. प्रायश्चित्त घेऊन ज्यांना परत आत येता आलं, त्यांची नावं इतिहासात आहेत. या कपातून चहा प्यायलेल्या एकाचंही नाव त्या घरात कोणाला सांगता आलं नाही.

आजींना विचारून तो कप घेतला. पैसे त्यांनी घेतले नाहीत. घरी आणून त्याला उजेड दाखवला, वाजवला आणि वहीत नोंद केली. माझी वही तपासणी खात्याच्या नमुन्यावर आखलेली आहे, रकाने तेच:

क्र. ६३. कप. बशी नाही. शिक्का पुसट, वाचता येत नाही. काठाला टवका नाही. तडा नाही. आवाज स्वच्छ. कान तुटलेला, जोडाच्या दोन्ही खुणा वापराने गुळगुळीत झालेल्या. मिळाल्याचं ठिकाण: घराबाहेरची देवळी.