माणूस म्हणजे नुसता नंबर नव्हे

विज्ञानकथेची मालिका म्हटली की आपल्याला रॉकेट आणि परग्रहावरची माणसं आठवतात. पण चांगल्या मालिकेत यंत्र निमित्ताला असतं, प्रश्न माणसाचा असतो. अमेरिकेत १९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ने यानाच्या नियंत्रण कक्षात कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी बसवली. त्या काळात तिथे वर्णभेदाविरुद्ध लढा चालू होता.

आता आमच्या कावेरीकाठचं उदाहरण घ्या. श्रीरंगमला वाढलेले एस. रंगराजन ‘सुजाता’ या नावाने तमिळमध्ये लिहीत. पेशाने इंजिनियर. भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये असताना मतदान यंत्राच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांची ‘एन इनिय इयंदिरा’, म्हणजे ‘माझ्या लाडक्या यंत्रा’, ही कादंबरी आधी साप्ताहिकात क्रमशः आली, मग दूरदर्शनवर तिची मालिका झाली.

त्या कथेतल्या भविष्यातल्या भारतात जीवा नावाचा हुकूमशहा आहे. नावं दोन अक्षरी ठेवायची, असा हुकूम. प्रत्येकाला नंबर. मूल होण्यासाठी परवानगी लागते. किती जगायचं हेही सरकार ठरवतं. या राज्यात निला नावाच्या बाईच्या मदतीला कोण येतं? जीनो नावाचा यंत्रकुत्रा. तो हळूहळू स्वतः विचार करू लागतो. आणि सगळे ज्याला घाबरतात तो जीवा? तो माणूसच नाही, नुसती प्रकाशात उभी केलेली प्रतिमा!

म्हणजे सुजातांना यंत्राचं भय नव्हतं. भय होतं ते जाब विचारता येत नाही अशा सत्तेचं.

फौजेत मलाही नंबर होता. त्यात गैर काही नाही, शिस्तीला तो लागतोच. पण जवान गेला तर त्याच्या घरी पत्र नंबरला नव्हे, आईला लिहावं लागतं.

आमच्या तंजावरकडच्या गावांत भातलावणीत जन्म गेलेल्या म्हाताऱ्या आहेत. राबून राबून बोटांच्या रेषा पुसट होतात आणि अंगठ्याचं यंत्र ओळख पटवत नाही. अशा वेळी दुकानदार म्हणाला, ‘यंत्र नाही म्हणतंय’, तर ती उपाशी राहील. तो म्हणाला, ‘आजी, बसा, दुसरी सोय बघतो’, तर यंत्रही कामाचं आणि माणूसही.

मंडळी, यंत्र जरूर वापरा. मात्र ‘नाही’ म्हणण्याचा शेवटचा अधिकार त्याला देऊ नका.