ग्राफीनच्या धंद्यात उतरायचंय? आधी विचारा, "थर किती?"



"सर, ग्राफीनला लई स्कोप आहे म्हणतात. उतरू का?" हा प्रश्न आता अंबाजोगाईसारख्या तालुक्याच्या गावातूनही यायला लागलाय. उत्तर देतो, पण आधी माल काय आहे ते समजून घ्या.

ग्राफीन म्हणजे काय?

पेन्सिलच्या शिशात ग्रॅफाइट असतो. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या थरांची चळत. 1 मिलिमीटर जाडीत असे सुमारे 30 लाख थर बसतात. त्यातला एकच थर सुटा केला की झालं ग्राफीन! 2004 मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कोन्स्तान्तिन नोवोसेलोव यांनी साध्या चिकटपट्टीने हे थर सोलून काढले. 2010 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

कापरातून ग्राफीन

योगेश्वरी देवीच्या आरतीला आपण कापूर जाळतो ना? त्यातही भरपूर कार्बन असतो. 2006 मध्ये प्रकाश सोमाणी, सविता सोमाणी आणि मासायोशी उमेनो यांनी जपानच्या चुबू विद्यापीठात कापराची वाफ तापलेल्या निकेलवर नेऊन कार्बनचे पातळ थर बसवले. या पद्धतीच्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक. त्यांचे थर भरले सुमारे 35, आणि त्यांनी तो आकडा जसाच्या तसा छापला. आता आयएसओच्या व्याख्येत 10 थरांपर्यंतच ग्राफीन धरतात. म्हणून कुणी "शुद्ध ग्राफीन" म्हणून पावडर विकायला आला, तर त्यालाही हाच आकडा विचारायचा.

पैसा कुठे आहे?

ग्राफीन बनवण्यात उतरू नका. त्याला प्रयोगशाळा आणि मोठं भांडवल लागतं. लहान उद्योजकाची जागा आहे मिसळण्यात. प्लास्टिक, रबर, रंग, फोम यांत चिमूटभर टाकलं तरी ताकद आणि उष्णता सोसण्याची क्षमता वाढू शकते. फोर्ड कंपनीने 2018 मध्ये गाडीच्या इंजिनाजवळच्या फोमच्या भागांत ग्राफीन वापरत असल्याचं जाहीर केलं. प्रमाण होतं अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी!

फसगत कुठे होते?

2018 मध्येच सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी जगभरच्या 60 उत्पादकांचा माल तपासला. बहुतेकांच्या मालात खरं ग्राफीन 10 टक्क्यांहून कमी निघालं. बाकी बहुतांश बारीक ग्रॅफाइट.

हिशोब करून बघा. तुम्ही 100 किलो प्लास्टिकमध्ये अर्धा टक्का, म्हणजे 500 ग्रॅम पावडर टाकली. त्यात खरं ग्राफीन 10 टक्के असेल, तर ते भरलं फक्त 50 ग्रॅम. उरलेल्या 450 ग्रॅमला तुम्ही ग्राफीनचा भाव दिला आणि मिळालं पेन्सिलचं शिसं! गिऱ्हाइकाला "दुप्पट टिकेल" सांगून बसलात, तर पैशासोबत नावही जाईल.

मग करायचं काय?

1. आधी नमुना घ्या. विक्रेत्याकडून थरांची संख्या आणि रामन चाचणीचा रिपोर्ट लेखी मागा. टाळाटाळ केली तर तिथेच थांबा.

2. बाहेरून तपासून घ्या. आयआयटी मुंबईच्या 'सैफ' केंद्रात बाहेरच्यांचेही नमुने फी घेऊन तपासतात. प्लास्टिकच्या चाचण्यांसाठी छत्रपती संभाजीनगरला 'सिपेट' आहे.

3. दोन तुकडे बनवा. एक ग्राफीन घालून, एक न घालता. दोन्ही सारखेच ताणा, तापवा, उन्हात ठेवा. फरक दिसला नाही, तर खर्च वाया.

आणि हो, ही पावडर फार बारीक असते. बंद जागेत उधळू देऊ नका, चांगला मास्क लावूनच हाताळा.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या मालाबद्दल गिऱ्हाईक कुठली एक तक्रार सारखी करतं? पाइप तडकतो, रंग उडतो, रबर झिजतं? ती वहीत लिहा. ती तक्रार साध्या, स्वस्त उपायाने सुटत असेल तर ग्राफीनचा नाद सोडा. सुटत नसेल, तरच 50 ग्रॅमचा नमुना मागवा. आणि फोनवर पहिलाच प्रश्न टाका, "साहेब, थर किती?"