फोडणीच्या भाकरीची मेक्सिकोतली बहीण

मधल्या सुट्टीत डबे उघडले की मला एक गोष्ट नेहमी दिसते. ज्याच्या डब्यात नूडल्स, त्याचं झाकण सताड उघडं. ज्याच्या डब्यात फोडणीची पोळी, तो मात्र झाकण तिरकं धरून खातो. का, तर ती रात्रीच्या पोळ्यांची असते ना! पण मेक्सिकोत कालच्या भाकरीचा नाश्ता हॉटेलातसुद्धा ऐटीत वाढतात. त्याचं नाव चिलाकिलेस. म्हणून पाहा मोठ्यानं!

तिथली भाकरी म्हणजे मक्याची तोर्तिया. कोमाल नावाच्या सपाट तव्यावर ती भाजतात. उरलेल्या तोर्तियांचे सकाळी तुकडे करायचे, कुरकुरीत तळायचे आणि तिखट टोमॅटोच्या रश्शात घोळायचे. फोडणीच्या भाकरीची सख्खी बहीणच की! आपल्या नाशिकच्या मिसळीची चुलतबहीण म्हणा हवं तर.

मेक्सिकोत बरेच लोक सकाळी लवकर थोडंसंच काही खातात आणि दहा-अकराच्या सुमाराला पोटभर आल्मुएर्सो करतात. शेतावर न्याहारी नेतात ना, तीच ही वेळ. आता आपल्या नाशिकरोडला कुणाचे बाबा प्रेसमध्ये पाळीला, कुणाची आई रेल्वेत, आणि तुमची शाळा! रोज कुठली सवड? म्हणून हा बेत रविवारचा.

शनिवारी रात्री मक्याच्या चार पातळ भाकऱ्या आईकडून किंवा बाबांकडून करून घ्या. (बाबांना येत नसतील तर शिकायला हीच संधी.) सकाळी त्यांचे त्रिकोणी तुकडे करून तव्यावर थोड्या तेलात, मंद आचेवर कुरकुरीत होऊ द्या. घाई नको. मग पाच लाल टोमॅटो, अर्धा कांदा, दोन मिरच्या आणि लसणाच्या तीन पाकळ्या तव्यावर साली काळ्या पडेपर्यंत भाजा. गॅसपाशी मोठं माणूस हवंच, बरं का! गार झाल्यावर मीठ घालून वाटा. मेक्सिकोत यासाठी दगडी पाटा असतो, मेताते. त्याच्या वरवंट्याला म्हणतात मानो, म्हणजे हात.

वाटण तेलावर सात-आठ मिनिटं शिजतंय तोवर एक गंमत ऐका. टोमॅटो, मिरची, मका या तिन्ही गोष्टी मूळच्या तिकडच्याच. 'टोमॅटो' हे नावदेखील तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या 'तोमात्ल'वरून आलं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात मिरची भारतात आणली. त्याआधी आपल्याकडे तिखटाला मिरी आणि पिंपळी! आज पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे ढीग लागतात, येवल्या-मालेगावकडे मक्याची शेतं डोलतात. उलट कांदा आणि कोथिंबीर त्यांच्याकडे नव्हती. १५२१ साली स्पेननं तिथलं राज्य जिंकलं, त्या सुमारास स्पॅनिश लोकांबरोबर ती तिकडे गेली. म्हणजे लासलगावच्या कांद्याचे भाऊबंद मेक्सिकोत पाहुणेच.

मक्याबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. मेक्सिकोतले लोक मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर भिजवतात, साली चोळून काढतात आणि मग दळतात. ही युक्ती हजारो वर्षं जुनी. चुन्यामुळे मक्यातलं बी-३ जीवनसत्त्व मोकळं होतं आणि अंगी लागतं. युरोपनं मका नेला, पण चुन्याची युक्ती तिथेच राहिली! मग उत्तर इटलीत केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाच्या रोगानं गाठलं. कातडी सोलवटायची, माणसं भ्रमिष्ट व्हायची, मरायचीसुद्धा. पुस्तकं न वाचलेल्या आज्यांना जे ठाऊक होतं, त्याचं कारण शास्त्रज्ञांना विसाव्या शतकात कळलं. २०१० साली युनेस्कोनं मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला आपल्या वारसा-यादीत घेतलं, त्यात या युक्तीचीही दखल आहे. तुम्ही मात्र चुन्याला हात लावू नका, डोळ्यांत गेला तर फार वाईट. आपल्याला साधं पीठ चालेल; आपण डाळी-भाज्याही खातोच की.

झालं का वाटण शिजून? सगळे ताटावर येऊन बसले की मगच तुकडे त्यात घाला, नाहीतर लगदा होईल. दोनदा हलवा, उतरवा. वर कच्चा कांदा, कोथिंबीर, कुस्करलेलं पनीर. शेजारी अंड्याची पोळी, नाहीतर उकडलेला राजमा. हो, राजमाही तिकडचाच!