नवा टीव्ही घेण्यापूर्वी घरातली जोडणी तपासा



सोयाबीनचे पैसे हातात आले की आपल्या धाराशिव जिल्ह्यात बऱ्याच घरांतून एखादी मोठी वस्तू घेतली जाते. पूर्वी ती सायकल असे, पुढे रेडिओ आला, मग मोटारसायकल आली. हल्ली पुष्कळ घरी ती भिंतीवर टांगावयाचा रुंद टीव्ही असते. तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा, कोठल्याही बाजारगावी जा. दुकानातील टीव्हीवर एखादे फुलपाखरू दाखवीत असतात आणि त्याच्या पंखावरचे ठिपके मोजून घ्यावेत इतके ते चित्र स्वच्छ असते. गडी तेथेच विरघळतो. टीव्ही घरी येतो, छपरावरच्या जुन्या छत्रीची तार त्याला जोडली जाते, आणि आजी पदराने डोळे पुसून म्हणतात, "ह्याच्यापरीस आपला जुना डबाच बरा दिसत होता."

आजींचे डोळे अधू झालेले नसतात. त्यांना दिसते तेच खरे असते.

बत्तीस इंची साधा टीव्ही आज सुमारे दहा-बारा हजारांना पडतो. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये. म्हणजे सुमारे दोन क्विंटल सोयाबीन त्या भिंतीवर टांगले जाते, आणि आडतीत हमीभाव मिळाला नसेल तर आणखी जास्त. एवढा माल देऊन जुन्यापेक्षा वाईट चित्र घरी यावे हे काही बरे नव्हे. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी काय पाहावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

शेतीखात्याच्या माणसाने टीव्हीत का डोके घालावे, असे कोणी विचारील. पण आपल्या देशात टीव्ही खेड्यात आला तो शेतीचा हात धरूनच. दिल्लीजवळच्या ऐंशी खेड्यांसाठी २६ जानेवारी १९६७ रोजी 'कृषिदर्शन' सुरू झाले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेने उसना दिलेल्या उपग्रहावरून सहा राज्यांतील २४०० खेड्यांना कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यात आपला जिल्हा नव्हता, परंतु उमरग्याच्या शिवेपलीकडचा गुलबर्गा जिल्हा होता. तेथे जाळीची दहा फूट रुंद छत्री आणि काळापांढरा संच असे, आणि सारे गाव समोर बसे. वर्ष सरले, उपग्रह परत गेला, आणि त्याच्यासाठीच केलेली ती छत्री आणि तिची पेटी यांचे काम संपले. गुलबर्ग्याला १९७७ मध्ये जमिनीवरचे प्रक्षेपण आले तेव्हा वेगळी जोडणी करावी लागली. घरातला संच आणि वरून येणारे प्रक्षेपण यांचा मेळ बसला नाही तर काय होते, हे आपल्या शेजाऱ्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच पाहिले आहे.

१९८२ साली मात्र उलट घडले. रंगीत प्रक्षेपण सुरू झाले तरी कोणाचा काळापांढरा संच वाया गेला नाही. रंगीत कार्यक्रम त्यावर काळापांढरा दिसे, इतकेच. ती पद्धतच तशी योजलेली होती. २०१७ मध्ये पुन्हा खर्च आला. ३१ मार्च २०१७ ही खेड्यांतील केबल डिजिटल करण्याची मुदत होती, त्यामुळे केबलवाल्या प्रत्येक घराला सेट टॉप बॉक्स घ्यावा लागला. तोवर छपरावरच्या काड्यांच्या ॲन्टेनाचाही काळ सरत आला होता, आणि दूरदर्शनने पुढे आपले बहुतेक जुने प्रक्षेपक बंद केले. माळवदावर अजून कोठे तो ॲन्टेना उभा असेल तर त्यावर कावळे बसतात, हाच त्याचा उपयोग.

एचडी म्हणजे काय

टीव्हीचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनते. साध्या डिजिटल चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६, म्हणजे सुमारे चार लाख ठिपके असतात. पूर्ण एचडीत आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे वीस लाखांवर. पाचपट फरक झाला.

आता हे पाणी समजा. विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटर आहे, शेताच्या टोकाला नवे कोरे तुषार संच आहेत, पण मध्ये कोठेतरी एक इंची पाइपाचा तुकडा राहिला आहे. तुषार फिरतील का? टीव्हीचे तसेच आहे. वाहिनी, छत्री किंवा केबल, बॉक्स, तार आणि शेवटी संच अशी ती साखळी आहे. यात एक कडी जरी साधी असली तरी शेवटी साधेच चित्र येते. मग नवा टीव्ही ते चार लाख ठिपके ताणून मोठ्या पडद्यावर पसरवितो. एकवीस इंची जुन्या डब्यावर जी उणीव झाकून जात होती ती बत्तीस इंचांवर उघडी पडते. आजींना दिसला तो हाच प्रकार.

म्हणून टीव्हीपासून सुरुवात करू नका. छपरापासून करा.

आपल्याकडे पुष्कळ घरांवर दूरदर्शनची फुकट छत्री आहे. डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. आज तिला डीडी फ्री डिश म्हणतात. महिन्याचे काही द्यावे लागत नाही. परंतु तीवरील वाहिन्या दोन पद्धतींनी येतात. जुनी पद्धत एमपेग-२, नवी एमपेग-४. जुना बॉक्स फक्त पहिल्या पद्धतीच्या वाहिन्या दाखवितो. दुसऱ्या पद्धतीच्या त्याला उलगडताच येत नाहीत. दूरदर्शनच्या एचडी वाहिन्या दुसऱ्या पद्धतीने येतात. म्हणजे जुन्या बॉक्सला पन्नास हजारांचा टीव्ही लावा, एचडी दिसणार नाही. आणि एमपेग-४ चा बॉक्स आणला तरी फुकट छत्रीवरील बहुतेक वाहिन्या साध्याच आहेत, हेही ध्यानात घ्या. ज्या घरी हीच छत्री ठेवावयाची आहे आणि महिन्याला पैसे भरावयाचे नाहीत, त्यांनी मोठ्या पडद्याचा हव्यास न धरलेला बरा असे माझे मत आहे.

बॉक्स घेताना एक चकवा असतो. मागे एचडीएमआयचे चपटे भोक दिसले की विक्रेता "एचडी आहे, मालक" म्हणून मोकळा होतो. भोक हा केवळ बाहेर पडण्याचा रस्ता आहे. आत एमपेग-४ उलगडण्याची सोय आहे का, हे खोक्यावर छापलेले असते, तेवढे वाचावे. मुलीला वाचावयास सांगा, ती दुकानदारापेक्षा नीट वाचील.

खासगी कंपनीची छत्री किंवा केबल असेल तर दोन गोष्टी विचारा: बॉक्स एचडी आहे का, आणि आपण भरतो त्या पैशात एचडी वाहिन्या आहेत का. एकाच वाहिनीचे साधे व एचडी असे दोन अवतार असतात आणि एचडीचा दर बहुधा निराळा असतो. बॉक्स एचडीचा आणि वाहिन्या साध्या, असे पुष्कळ घरी चाललेले असते. कंपनी बदलली तर छत्रीही बहुधा पुन्हा जुळवावी लागते, कारण बहुतेकांचे उपग्रह आकाशात वेगळ्या जागी आहेत. फ्री डिशचा उपग्रह आपल्याकडून आग्नेयेला, साधारण साठ अंश उंचीवर येतो. त्या रेषेत लिंब किंवा नारळ वाढला असेल तर चित्र तुटते. त्यासाठी बॉक्स बदलण्याचे कारण नाही, फांदी छाटली की भागते.

तारांची गोष्ट

बॉक्सपासून टीव्हीपर्यंत पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांची तार असते. पिवळी चित्राची, बाकी दोन आवाजाच्या. या पिवळ्या तारेतून एचडी चित्र जातच नाही. एचडीला एचडीएमआयची तार लागते. कित्येक घरी एचडी बॉक्स आहे, एचडी वाहिनीचे पैसे दरमहा जात आहेत, टीव्हीही नवा आहे, आणि मध्ये ती तीन पिनांची तार तशीच! बसविणाऱ्या पोराच्या पिशवीत तीच होती म्हणून तीच लागली. साधी, चांगली तार आणावी. सोन्याचा मुलामा दिलेल्या महाग तारेने दोन-चार फुटांच्या अंतरात चित्र अधिक चांगले होत नाही.

याच्या उलट अडचणही येते. जुन्या बॉक्सला तीन पिनाच असतात आणि काही नव्या टीव्हींना ती तीन भोके नसतात, एकच बारीक भोक असते. त्यासाठी जोडतार लागते. ती टीव्हीच्या खोक्यात आहे का ते दुकानातच पाहावे. घरात जुना स्पीकर संच असेल तर त्याची पिन नव्या टीव्हीला बसते का, हेही तेथेच पाहून घ्यावे. तालुक्याला दुसरी चक्कर म्हणजे एक दिवसाची मजुरी.

जुना डबा चालू असेल आणि पैशाची ओढाताण असेल तर आधी एमपेग-४ बॉक्स घ्या. बहुतेक बॉक्सला तीन पिनांचीही सोय असते. जुन्या संचावर चित्र साधेच दिसेल, पण वाहिन्या वाढतील, आणि टीव्ही पुढच्या हंगामात घेता येईल.

आता टीव्ही. बत्तीस इंचांच्या संचात "एचडी रेडी" आणि "फुल एचडी" असे दोन प्रकार येतात. एचडी रेडीच्या पडद्यावर सुमारे साडेदहा लाख ठिपके असतात. खाट आणि टीव्ही यांच्यात आठ-दहा फूट अंतर असेल, आणि आपल्या घरात ते असतेच, तर बत्तीस इंचांवर दोहोंतील फरक डोळ्याला कळत नाही. वरचे पैसे वाचवा. याहून मोठा घ्यावयाचा असेल तर कळावे म्हणून सांगतो की २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांवरील टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. काही संचांत उपग्रहाची तार सरळ जोडता येईल असा ट्यूनर आतच असतो; भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये त्यासाठी मानकही काढले. असा संच मिळाला तर फुकट वाहिन्यांसाठी वेगळा बॉक्स लागत नाही.

चित्रात माणसे बुटकी आणि गरगरीत दिसू लागली तर घाबरू नये. जुना पडदा चारास तीन या प्रमाणाचा, नवा सोळास नऊ. जुन्या प्रमाणाचे चित्र रुंद ताणले गेले की तसे होते. रिमोटवर चित्राचा आकार बदलण्याचे बटण असते. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील, पण माणसे माणसांसारखी दिसतील.

"आमच्याकडे स्मार्ट टीव्ही आहे, छत्री नकोच," असे तरुण मंडळी म्हणतात. मोबाइलच्या इंटरनेटवर एचडी चित्र तासाला तीन जीबीपर्यंत डेटा खाते. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये एक चित्रपटही पुरा होणार नाही. गावात वायरचे इंटरनेट आले असेल तर गोष्ट निराळी.

एवढा खटाटोप कशासाठी? मालिकांसाठी असेल तर मला सांगण्यासारखे काही नाही. पण शेतीचे पाहणाऱ्यांना स्वच्छ चित्राचा खरा उपयोग आहे. सोयाबीनचे पान पिवळे पडले की आपण हाताला येईल ते औषध फवारतो. पिवळ्या मोझॅकमध्ये पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे डाग पडतात. लोहाच्या कमतरतेत कोवळे पान पिवळे होते, पण शिरा हिरव्या राहतात. पहिला रोग पांढरी माशी पसरविते. दुसऱ्याला कीटकनाशकाचा काहीच उपयोग नाही. हा फरक धूसर चित्रात दिसत नाही, दोन्ही पाने नुसती पिवळी दिसतात. हरभऱ्यावरील घाटेअळीची अंडी तर खसखशीच्या दाण्याहून लहान. ती कोठे आणि कशी असतात हे एकदा स्वच्छ पाहिले की शेतात नजर बरोबर तेथे जाते. २६ मे २०१५ ला सुरू झालेली डीडी किसान वाहिनी किंवा विद्यापीठांचे चित्रपट पाहताना याचा अनुभव येईल.

खरेदीच्या वेळी पक्के बिल आणि दुकानाच्या शिक्क्यासह हमीपत्र घ्या. मानक ब्यूरोचे नोंदणी चिन्ह नसलेला जुळणीचा टीव्ही हजार-दोन हजारांनी स्वस्त मिळतो. तो घेऊ नये. पडदा फुटला तर दुरुस्तीला जवळजवळ नव्याइतका खर्च येतो, म्हणून दारात हलवून, लावून, बघूनच गाडीवाल्याला सोडा. तक्रार ऐकून घेतली नाही तर ग्राहक मदतीचा १९१५ हा क्रमांक आहे.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये भूम-परंडा भागात पुराचे पाणी घरांत शिरले. ज्यांचे संच भिजले होते, आणि पुढे कधी कोणाचे भिजतील, त्यांनी "चालतो का बघू" म्हणून बटण दाबू नये. प्लग काढून कारागिराकडून आतून वाळवून घ्यावा.

आणि वळवाचे आभाळ भरून आले की गडगडाट जवळ येण्याआधीच विजेचा प्लग काढा, तसेच छत्रीची तारही बॉक्समधून काढून भिंतीपासून दूर ठेवा. नुसता प्लग काढून संच वाचत नाही. वीज छपरावरून त्या तारेनेही आत येते. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र तारेला हात लावू नका. टीव्ही गेला तर जाऊ द्या.