डुकरांचा फ्ल्यू : नमुना वेळेवर घ्या



एका कप्प्यातली डुकरे एकाएकी खोकू-शिंकू लागतात, खाद्याला तोंड लावत नाहीत, एकमेकांना चिकटून पडून राहतात. ताप १०५ अंशांवर जातो. पाच-सात दिवसांत बहुतेक बरी होतात, मरतात अगदी थोडी. आपण म्हणतो, हवा बदलली! पुष्कळदा तो फ्ल्यू असतो. (डुकरे भराभर मरू लागली, कातडीवर लाल-जांभळे डाग दिसले, तर मात्र स्वाइन फीवरचा संशय धरावा आणि त्याच दिवशी दवाखान्यात वर्दी द्यावी. त्याचा आफ्रिकन प्रकार २०२० साली आपल्या देशात आला.)

आपोआप बरे होते, मग तपासणीची यातायात कशाला? एक तर आजारात वजन घटते. दुसरे असे की, डुकराच्या अंगात माणसाचा आणि पक्ष्यांचा, दोन्ही फ्ल्यू रुजू शकतात. दोन विषाणू एकाच जनावरात भेटले की सरमिसळ होऊन तिसराच निपजतो. २००९ साली जगभर पसरलेला एच१एन१ अशाच मिश्रणातून आला. देशातला त्याचा पहिला बळी पुण्यात गेला. मग माणसांनीही तो उलट डुकरांना दिला.

आता मुख्य गोष्ट. विषाणू नाकात थोडेच दिवस असतो. म्हणून बरे झालेल्या डुकराचा नमुना घेऊन उपयोग नाही. नुकताच ताप चढलेल्याचा हवा. नाकातला स्राव पशुवैद्यकानेच घ्यावा.

कळपावर नेहमी नजर ठेवायची तर दोरीची युक्ती सोपी. सुती, बिनरंगाची, स्वच्छ दोरी डुकराच्या खांद्याच्या उंचीवर कप्प्यात टांगा. डुक्कर जात मुळात चौकस, वीस-तीस मिनिटांत चावून ओली करतात. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत पिळा, लाळ स्वच्छ बाटलीत घ्या, बर्फाच्या डब्यात घालून लगेच पोचवा. प्रयोगशाळेची व्यवस्था आधी डॉक्टरांकडून विचारून ठेवा. दूध तोडलेल्या पिलांचा कप्पा चुकवू नका. मोठी जनावरे ठणठणीत दिसली तरी विषाणू तिथे टिकून राहतो.

खोकला कधी सुरू झाला, कोणत्या कप्प्यात, किती डुकरांना, हे वहीत लिहा. नवीन डुकरे महिनाभर वेगळी ठेवा. घरात कोणाला फ्ल्यू झाला असेल तर त्याने डुकरांकडे जाऊ नये. खाद्य दुसऱ्याने घालावे. प्रतिजैविकाचे इंजेक्शन मनाने टोचू नका, विषाणूवर ते चालत नाही. आणि नीट शिजवलेल्या मांसातून फ्ल्यू होत नाही, हे गिऱ्हाइकाला बेलाशक सांगा.