आकाशाच्या फिल्मसाठी स्कॅनर निवडताना

आकाशछायाचित्रणात स्कॅनरची खरी कसोटी ताऱ्यांपेक्षा त्यांच्यामधल्या काळोखात लागते. स्लाइडवर काळे आकाश हा फिल्मचा सर्वांत दाट भाग. तिथून जेमतेम प्रकाश आरपार जातो आणि साध्या स्कॅनरवर तेजोमेघाची फिकट कड खरखरीत ठिपक्यांत हरवते. म्हणून १६ बिट नोंद आणि एकच ओळ अनेकदा वाचण्याची सोय आधी पाहावी.

जाहिरातीतल्या डीपीआयवर विसंबू नये. एप्सनचा व्ही८५० फ्लॅटबेड ६४०० डीपीआय सांगतो. प्रत्यक्ष तपशील मिळतो तो सुमारे २३०० चा. निकॉनचा कूलस्कॅन ९००० मात्र आपल्या ४००० च्या जवळ जातो, पण त्याचे उत्पादन केव्हाच थांबले. जुना घेतला तर दुरुस्तीची पंचाईत.

१२० ची रुंद फिल्म मध्ये वाकते आणि कोपऱ्यातले तारे फुगीर दिसतात. त्यामुळे काचेचा होल्डर हवाच, तोही न्यूटनची कडी टाळणारा. केवळ सॉफ्टवेअरने धूळ पुसण्याची सोय बंद ठेवावी. ती बारीक ताऱ्यांनाच धूळ समजते.

छोट्या छपाईला फ्लॅटबेड पुरतो. भिंतीवरच्या मोठ्या प्रिंटसाठी निवडक फ्रेम बाहेरून ड्रम स्कॅन करून घेणेच शहाणपणाचे.