निर्वाचक मंडळ, अमेरिकेचे
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा राष्ट्राध्यक्ष व उपराष्ट्राध्यक्ष यांची अप्रत्यक्ष निवड करणारी घटनात्मक यंत्रणा. राष्ट्राध्यक्ष काँग्रेसने निवडावा की जनतेने, या वादातून १७८७ च्या फिलाडेल्फिया येथील घटना परिषदेत ही तडजोड निघाली. प्रतिनिधिगृहातील लोकसंख्येनुसार मिळणाऱ्या जागा अधिक सीनेटच्या दोन जागा, इतके निर्वाचक प्रत्येक घटकराज्यास मिळतात. तेविसाव्या घटनादुरुस्तीने (१९६१) राजधानी वॉशिंग्टनलाही प्रतिनिधित्व दिले. एकूण ५३८ मतांपैकी विजयास किमान २७० लागतात.

सीनेटच्या जागांमुळे लहान राज्यांचे वजन वाढते. २०२० च्या जनगणनेनुसार कॅलिफोर्नियाची लोकसंख्या वायोमिंगच्या सु. ६८ पट आहे. निर्वाचक मात्र अनुक्रमे ५४ व ३, म्हणजे केवळ अठरा पट. मेन व नेब्रास्का वगळता सर्वत्र राज्यात आघाडीवर असलेल्या उमेदवारास तेथील सर्व निर्वाचक मिळतात. त्यामुळे मताधिक्य अल्प असो वा प्रचंड, फळ एकच. परिणामी १८७६, १८८८, २००० व २०१६ मध्ये देशभरात प्रतिस्पर्ध्याहून कमी लोकमते मिळविणारा उमेदवार विजयी झाला.

प्रत्यक्ष निवडणुकीची घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहाने १९६९ मध्ये संमत केली. परंतु १९७० मध्ये सीनेटमध्ये ती अडली. अशा दुरुस्तीस तीन-चतुर्थांश राज्यांची संमती लागते. साहजिकच मतांच्या समतेचा प्रश्न सोडविण्यास, विषमतेचा लाभ होणाऱ्या राज्यांचीही संमती मिळवावी लागते.